चराईबंदीला ‘पूर्ण सहमत’

नव्वदच्या दशकात श्रीगोंदा तालुक्यातल्या एका गावात पाणलोटाचं काम निघालं होतं. त्यासाठी डोंगरावर चराईबंदी हवी होती. गावाचं मन खरंच तयार आहे का, ते तपासायला आमच्या मानसशास्त्राच्या मॅडमना बोलावलं. मनाची तपासणी वेड्यांची असते, एवढंच तेव्हा लोकांना ठाऊक. मी एम. ए.ला होते, प्रश्नावल्या भरून घ्यायचं काम माझं.

दोन दिवसांत गठ्ठा तयार. सगळीकडे ‘पूर्ण सहमत’. मी हरखून गेले. मॅडमनी कागद चाळले आणि म्हणाल्या, “हा पाहुणचार आहे गं. चहा पाजून पाहुण्याला ‘नाही’ कोण म्हणेल?”

मला रागच आला. उन्हातान्हात मी वणवण केली होती!

दुसऱ्या दिवशी पारावर मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “ही बंदी गावात कुणाला जड जाईल?” स्वतःबद्दल हातचं राखून बोलणारी माणसं दुसऱ्याबद्दल घडाघडा बोलली. सगळ्यांनी एकाच विधवेचं घर दाखवलं. तिला शेत नव्हतं, होत्या त्या फक्त शेळ्या. “तिला काय कळतंय” असं कुणी म्हणालं म्हणून मी ते घर गाळलं होतं. लाज वाटली.

ती धार काढत होती. मॅडम तिच्याजवळ भुईवरच बसल्या आणि फॉर्ममधला प्रश्न वाचला, बंदी पाळायला तुम्ही सहमत आहात का?

“न्हाई पाळनार मी,” ती म्हणाली. “पानी वाढंल ते इहिरीवाल्यांचं. मला इहीर कुठं हाय? शेळ्यांना काय घालू?”

परतताना मी म्हटलं, हा एक फॉर्म वगळू, तक्ता बिघडतोय. मॅडमनी तोच सगळ्यांत वर ठेवला. “हे एकच उत्तर खरं आहे. हिची सोय झाली नाही, तर बंदी टिकणार नाही. टिकली, तर हिच्या पोटावर पाय देऊन टिकेल.” इतकं शिकूनही इतकी साधी गोष्ट ज्याला दिसते, असं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

ग्रामसभेत त्यांनी हे कुणालाही न दुखावता मांडलं. बरीच कुरकुर झाली. शेवटी ठरलं की बंद डोंगरावरचं गवत कापायचा पहिला मान तिचा, आणि ते गवत वाढेपर्यंत विहीरवाल्यांनी तिला चारा द्यायचा. सरपंचांनी ठरावाचा कागद तिच्यापुढे धरला. ती हलली नाही.

“आदी चारा दारात येऊ द्या. मग अंगठा.”

सभा हसली. मॅडम ‘गाव तयार आहे’ या अहवालावर सही करायला वाकल्या होत्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“माझी सहीपण तेव्हाच.”