सोपं काम देतो म्हणाला होता भूषण

भूषण मला फसवून गेला.

आज वर्ष झालं. राग तसाच आहे.

जळगावात आमचं दोघांचं एकच ऑफिस. मी गेम बनवायचो, समोरच्या टेबलावर तो व्यापाऱ्यांचं सॉफ्टवेअर.
भांडण रोजचं. जास्त अवघड कोणाचं?

माझा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्याचा गेम चालला होता. दोर, वारा, पोरीचं वजन, सगळं क्षणात हिशेबात धरायचं.
"तुझं काय, नुसती बेरीज-वजाबाकी," मी चिडवायचो.

"तुना दोर एकच नियमवर झुलस," तो म्हणायचा. "मना गिऱ्हाईकले स्वतःना नियम माहीत नही."

एकदा साक्रीचे नाना या गिऱ्हाईकाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने वर्ष मार्चला बंद केलं. स्क्रीनवर सगळे सालदार आधीच मोकळे!
नाना फोनवर भडकले. "आमनं साल आखाजीले फिरस!"
वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी आखाजीला सुटतो. आणि आखाजी येते तिथीने, दरवर्षी वेगळ्या तारखेला. बसव आता हे प्रोग्राममध्ये.

मी पोट धरून हसलो.
तो नाही हसला. "तुनं चुकनं ते चित्रमधली पोर लटकस. मनं चुकनं ते खरा माणूस लटकस."

मग एक दिवस म्हणाला, "यार, दोन महिना मनं काम देख. सोपं शे. मंग दोन्ही मिळीसन तुना गेम पुरा करूत."

मी भोळसट. गेम बाजूला ठेवला.
तो शेजारी बसून शिकवायचा. कोणता व्यापारी काय बोलतो आणि त्याला खरं काय हवं असतं. सारखी घाई. मला वाटलं, गेमसाठीच घाई करतोय.

काम जेमतेम हातात आलं आणि तो गेला.

तेराव्याला वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. गिऱ्हाईकं उघड्यावर पडू नयेत म्हणून तुम्हाला शिकवलं. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. म्हणाले, तो शिकणार नाही, रडत बसेल."

बसलो असतो रडत. तेवढा हक्क नव्हता माझा?

नानांची काळजी केलीस. सगळ्या गिऱ्हाईकांची केलीस. मला मात्र थाप मारलीस.

आता रोज तुझंच काम करतो. तुझंच अवघड आहे, मान्य. हे ऐकायला तरी थांबायचं होतंस.

शेवटचे दोन महिने आपण खांद्याला खांदा लावून बसलो, भूषण. आणि बोललो काय, तर जीएसटी.

माफ केलेलं नाही. श्रद्धांजली रागातच वाहतोय, गोड मानून घे.