ताईची मूठ

अपघातात भाऊजी गेले, तेव्हापासून ताईची उजवी मूठ उघडतच नव्हती. तपासण्यांत काही सापडलं नाही. शेवटी हताश होऊन संमोहन उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"झोपायचं नाही, फक्त माझा आवाज ऐका," त्या म्हणाल्या. ताईचा श्वास संथ झाला.

"मुठीत काय आहे?"

"यांचा हात. सोडला तर जातील."

"थोडा सैल करून बघूया? मी इथेच आहे."

ताई हुंदके देत राहिली आणि एकेक बोट सुटत गेलं. तळव्यावर नखांचे व्रण होते. इतके दिवस शरीर मनाचीच आज्ञा पाळत होतं तर! मला हायसं वाटलं.

डोळे उघडून ती मोकळ्या हाताकडे बघत राहिली.

"आता मी काय धरून जगू गं?"

मी तो हात हातात घेतला. माझा हात तिला पुरणार नव्हता.