अनुपमाची शिल्लक वर्षं

राजन जाऊन चार महिने झाले, तरी दुबईच्या अल बर्शातल्या त्या घरात हुकूम त्याच्या एक्सेल शीटचाच चालत होता. माणूस महाहिशेबी. म्हातारपणी कुणाची पेन्शन कधी सुरू करायची, हे मांडताना त्याने दोघांच्या मरणाची वयंसुद्धा भरून ठेवली होती. स्वतःला चौऱ्याऐंशी, बायकोला पंचाहत्तर. माझी नऊ वर्षं का कापलीस, असं अनुपमाने विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाला होता, "तू गोड खातेस." आणि साखर सोडलेला हाच शहाणा एकसष्टाव्या वर्षी लिफ्टची वाट बघता बघता कोसळला.

टेबलावर दोन फॉर्म पडून होते. एक नवऱ्यामागे बायकोला मिळणाऱ्या पेन्शनचा, दुसरा अनुपमाच्या पुण्यातल्या जुन्या नोकरीचा. दुसरी पेन्शन आत्ता घेतली तर कमी, साठीपर्यंत तीन वर्षं थांबलं तर जास्त. पहिलीसाठी थांबण्याचं काही कारणच नव्हतं. फक्त त्यातला 'मृत्यूची तारीख' हा रकाना तिच्या हातून भरवत नव्हता.

शनिवारी मुलगा सिद्धांत लॅपटॉप घेऊन सिलिकॉन ओएसिसहून आला, नणंद संजनाही आली. शीटचं म्हणणं असं, की अनुपमा सत्त्याहत्तरच्या पुढे जगणार असेल तर थांबा, नाहीतर आत्ताच घ्या. झालं, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. सिद्धांतने ब्याऐंशी दिली. संजनाने वहिनीच्या आईचा दाखला देऊन एकाहत्तरवर आणली. जिचं आयुष्य, ती चहा गाळत होती.

"मॉम, देअर इज अ टेस्ट," सिद्धांत म्हणाला. हात न टेकता जमिनीवर बसायचं आणि तसंच उठायचं. जमलं तर दीर्घायुष्य.

अनुपमा बसली झकास. उठायला गेली आणि राजनच्या आरामखुर्चीशेजारी कलंडली. सिद्धांतने निमूटपणे ब्याऐंशीची शहात्तर केली.

ती खुर्ची चार महिने तिने कुणाला हलवू दिली नव्हती. आधारासाठी खाली हात घातला, तर एक डबा लागला. काजूकतलीचा, अर्धा संपलेला. वरच्या बिलावर राजन गेला त्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती.

अनुपमा हसायला लागली. हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही. लबाड मेला. तिची नऊ वर्षं कापून स्वतः खुर्चीखाली गोड लपवत होता. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि तेवढीच भयंकर आठवण.

"सिद्धांत, माझ्यापुढे चौऱ्याऐंशी घाल," ती डोळे पुसत म्हणाली. "त्याची तेवीस वर्षं तशीच पडून आहेत. कुणीतरी वापरायला नकोत?"

शीटने लगेच 'थांबा' असा निकाल दिला. तिने आपला फॉर्म बाजूला सारायला सांगितला आणि राजनचा मागून घेतला. जमिनीवर बसूनच, मांडीवर ठेवून, तारीख भरली. अक्षर जरा वाकडं आलं.

"आता मला उठवा," ती म्हणाली.