तिसरी हाक

ठरलं होतं राजूरला जायचं. गुरुवारी दुपारी मदरसा सुटला, दुसऱ्या दिवशी जुम्म्याची सुट्टी, आणि माझा मित्र सायकल घेऊन माझ्या दारात हजर. आम्ही दोघं जालन्याला एकाच मदरशात, म्हणजे तेव्हाच्या सरकारी शाळेत, मास्तर. तो हिसाब शिकवायचा, मी मराठी. सायकल त्याला लग्नात सासऱ्यांनी दिलेली होती आणि ती तो कुणाला हात म्हणून लावू द्यायचा नाही. त्यामुळे मी मागं कॅरिअरवर, हे ठरलेलंच. राजूरच्या गणपतीचं दर्शन घेऊ, रात्री धर्मशाळेत पडू, सकाळी उन्हाच्या आत परत येऊ, एवढा साधा बेत. मला प्रवासाची हौस नाही. पण फुकटात कुणी ओढून नेत असेल तर मी नाही म्हणत नाही.

गावाबाहेर आल्यावर त्यानं सायकल उलटीकडं, अंबडच्या रस्त्याला वळवली.

"अरे, गणपती तिकडं आहे," मी म्हणालो.

"ठाऊक हाय मला."

"मंग?"

"अक्काकडं जाऊ."

त्याची अक्का म्हणजे थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा रांगत होता आणि अक्का परकर नेसायच्या वयाची. तिनं याला कडेवर घेऊन वाढवला. तिला दिलं होतं घनसावंगीच्या पुढं, कुंभार पिंपळगावच्या अलीकडच्या एका खेड्यात. मूलबाळ नव्हतं. नवरा गाडीभाड्यावर परभणीकडं जायचा तो आठवडा आठवडा परत यायचा नाही. संक्रांतीपासून तिची काही खबर नव्हती, आणि आता होळी होऊन गेली होती.

"सकाळपासून असं वाटून राह्यलं की ती बोलवून राह्यली मला," तो पुढं बघत म्हणाला.

"तार आली वाटतं?" मी खवचटपणे विचारलं. एरवी तो अशा बोलण्यावर दोन शिव्या हासडायचा. त्या दिवशी नुसते पाय मारत राहिला. मला तेव्हाच थोडं चमत्कारिक वाटलं.

दिवस कलता कलता अंबडला पोचलो. माझ्या बुडाचा पार भुगा झाला होता. धर्मशाळेशेजारी एक हॉटेल होतं, तिथं चहा मागवला. हॉटेलवाला भजी तळत होता. कुठं चाललात, असं त्यानं विचारलं. मित्रानं गावाचं नाव सांगितलं तसा त्याचा झारा कढईतच थांबला.

"तिकडं नका जाऊ, मास्तर. तिकडं बाई फिरून राह्यली."

"कोण बाई?" मी हसत विचारलं. मला वाटलं, काहीतरी चावट भानगड असेल.

तो हसला नाही. मित्राचा चेहरा उतरलेला पाहिल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. पटकीची साथ. तिचं नाव कुणी तोंडातून काढत नाही, नुसतं बाई म्हणतात.

"घरोघर जाऊन हाका मारती," हॉटेलवाला आवाज खाली आणून म्हणाला. "आपल्याच माणसाच्या आवाजात. ओ दिली की गेलाच माणूस. पण तिला एका नावानं दोनदाच हाक मारता येती. म्हणून तिकडं तिसऱ्या हाकेबिगर कुणी ओ देत न्हाई. बिलकुल न्हाई. आन् तिसऱ्या हाकेलाबी ओ आली न्हाई, तर समजायचं, घर संपलं."

मी त्याला पाणी उकळून पिण्यावर एक लहानसं व्याख्यान दिलं. त्यानं ते ऐकून घेतलं आणि आमचे कप उचलून नेले.

धर्मशाळेच्या ओट्यावर मी मित्राला स्वच्छ सांगितलं, की परत जाऊ. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटण्यासारखंच होतं ते. तो म्हणाला, "तू जा. सायकल घेऊन जा." ज्या सायकलीच्या घंटीलाही तो मला बोट लावू देत नसे, ती तो मला देऊन टाकत होता. त्या एका वाक्यानं मला साथीपेक्षाही जास्त भीती घातली. अशा माणसाला एकटं कसं सोडणार? मी गेलो नाही.

सकाळी घनसावंगी मागं पडली आणि रस्त्यावरची माणसं कमी होत गेली. समोरून एक गाडी आली, तिच्यात गाडगीमडकी, बाजलं, दोन शेळ्या. हाकणारा खाली मान घालून बसला होता. मी 'राम राम' म्हणालो. त्यानं वर पाहिलं नाही. आमच्या मुलखात ओळख असो नसो, वाटेवरचा राम राम परतवल्याशिवाय माणूस पुढं जात नाही. पुढं एका विहिरीवर मोट उभी होती. बैल जुंपलेले, नाडा ताणलेला, मोटेतून पाणी ठिबकत होतं, आणि आसपास माणूस नव्हता. बैल आमच्याकडं पाहत होते. आम्ही बरेच लांब गेलो तरी त्यांनी माना वळवल्या नाहीत.

गावाच्या वेशीवर लिंबाच्या डहाळ्यांचं तोरण होतं. खाली वाटेवर आडवी राखेची रेघ, तिच्यापाशी चिरलेलं लिंबू आणि फुटक्या बांगड्या. मित्रानं सायकल खांद्यावर घेतली आणि रेघ ओलांडली. मी धोतर वर धरून उडी मारली. एरवी या गोष्टीची मी वर्गात टिंगल केली असती.

गाव ओस असतं तर परवडलं असतं. ते ओस नव्हतं. गल्ली झाडलेली होती, सडा ओला होता, माळवदांवरच्या धुराड्यांतून धूर झिरपत होता. पण दारं सगळी बंद, एक कुत्रं नाही, कोंबडी नाही. एका दाराआड लहान पोर खोकलं, आणि खोकला मध्येच दबला. कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवला असणार. जात्यांची घरघर चालू होती. आम्ही ज्या दारापाशी यायचो तिथलं जातं थांबायचं, आणि आम्ही पुढं गेलो की मागं पुन्हा सुरू व्हायचं. असं सगळी गल्लीभर. मी सारखा वळून पाहत होतो. मागं काहीच नव्हतं, नुसतं ऊन.

अक्काचं घर गल्लीच्या टोकाला. आत जातं फिरत होतं. मित्राच्या चेहऱ्यावर जीव आला. त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि हाक मारली, "अक्का!"

जातं थांबलं. आम्ही कान देऊन उभे राहिलो. काही नाही.

त्याला थांबवेना. त्यानं दाराच्या फळीला तोंड लावलं आणि लहानपणी लाडात यायचा तेव्हा म्हणायचा तसं ओरडला, "बाई! मी आलोय!"

त्यानंतर जे झालं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. साऱ्या गल्लीत कड्या वाजल्या. या दाराची, त्या दाराची, मागची, पुढची, आतून एकामागून एक. ज्या गावात त्या साथीचा उल्लेख करायलाही माणसं धजत नव्हती, तिथं यानं भर दुपारी गल्लीत उभं राहून 'बाई' म्हणून तिलाच बोलावलं होतं.

त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. तो दारावर थापा मारत होता. "माय, उघड ना गं दार!" आतून काहीच आलं नाही. जातंही पुन्हा फिरलं नाही.

"तीन हाका झाल्या," तो म्हणाला. माझ्याकडं पाहून नव्हे, दाराकडं पाहून. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि आल्या वाटेनं चालायला लागला. मी सायकल घेऊन मागं धावलो. वेशीबाहेर ओढा होता. तो कपड्यांसकट ओढ्यात जाऊन बसला आणि ओंजळीनं डोक्यावर पाणी घ्यायला लागला. दोन ओंजळी पाहीपर्यंत मला कळलं नाही. मग कळलं. तो बहिणीच्या नावानं अंघोळ करत होता.

माझं टाळकंच सणकलं. रडावं की त्याला बुडवावं ते समजेना.

"ऊठ आधी! तोंडात पाणी जाऊ देऊ नको. काही पाहिलं नाही, काही कळलं नाही, आणि अंघोळ करतोस जित्या माणसाची?"

"तीन हाका मारल्या मी. ओ आली न्हाई."

"हिसाबाचा मास्तर ना तू? काय काय मारल्या, सांग."

"अक्का."

"मंग?"

"बाई."

"मंग?"

"माय."

"ह्या तीन हाका झाल्या? एकेकच झाली की सगळ्या! तिसरी कुठं मारलीस तू? आणि बाई म्हणालास, गाढवा. त्या गावात बाई म्हणून हाक मारलीस."

तो ओढ्यात तसाच बसून राहिला. मग उठला. डोळ्यांत आशा होती आणि ती मला बघवेना.

पुन्हा रेघ ओलांडली. या वेळी एकही जातं फिरत नव्हतं. त्याच्या कपड्यांतून पाणी गळत होतं, गल्लीतल्या धुळीत त्याची ओली पावलं उमटत होती, आणि दारांच्या फटींतून ती कुणीतरी बघतंय हे मला पाठीला जाणवत होतं. आम्ही त्यांना कोण वाटत असू? तेही जाऊ द्या. मला दुसरंच भय होतं. आतून ओ आली, तर ती अक्काचीच असेल कशावरून? दिवसाढवळ्या, शिकल्यासवरल्या माणसाच्या मनात हे आलं, खोटं कशाला बोलू.

दारापुढं आल्यावर तो म्हणाला, "तू मार."

"माझी अक्का आहे का?"

हे निर्दयपणे बोललो, पण दुसरं काय बोलणार? त्याचं मला कळत होतं. तिसरी हाक मारली नाही तोवर अक्का होती. ती मारली आणि उत्तर आलं नाही, म्हणजे मग राहिलंच काय.

मघाची हाक न धरता त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. "अक्का!"

थांबला. "अक्का!" या वेळी आवाज फाटला. तिसरी काही केल्या मारवेना. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याचं ओलं कोपर धरलं.

"अक्का!"

"ओ."

ओ आमच्या मागून आली. समोरच्या घरातून.

मी गर्रकन वळलो. तेवढ्यात शेजारच्या दाराआडून आली, "ओ." मग गल्लीच्या मधून कुठून तरी, आणि पार दुसऱ्या टोकाकडून, एक म्हातारा, चिरका आवाज, "ओ." सगळे बायकांचे आवाज. सगळी दारं बंद. आमच्या पुढचं दार तेवढं गप्प. पळून जावं असं वाटलं, आणि पळालोही असतो, पण मित्राचं कोपर माझ्या हातात होतं.

मग हळूहळू उमगलं. त्या गल्लीतल्या किती बायकांचा कुठं ना कुठं पाठचा भाऊ असेल. प्रत्येकीनं पहिली हाक ऐकली, दुसरी ऐकली, आणि कडीवर हात ठेवून तिसरीची वाट पाहिली होती.

"ओ," आमच्या पुढच्या फळीआडून आवाज आला. इतक्या जवळून, की ती सारा वेळ दाराला टेकूनच उभी असणार. "ओ रं माझ्या लेकरा."

कडी निघाली. अक्का उंबऱ्यात उभी. कोपरापर्यंत पिठाचे हात, डोळे आत गेलेले, पण उभी, आपल्या पायांवर. मित्र तसाच ओलाचिंब तिच्या पायांवर पडला आणि ओक्साबोक्शी रडला. ती पिठाचे हात लांब धरून म्हणाली, "कशात पडलास रं? अंगावरचं वाळव की जल्दी." आणि मग तिलाही आवरलं नाही. "पहिल्या हाकेलाच वळखलं होतं रं म्या," ती म्हणाली. "पहिल्यालाच."

मी तोंड फिरवलं. समोरचं दार चार बोटं उघडलं होतं. फटीत एक बाई, अक्काहून लहान, हात कडीवरच. तिनं माझ्या मित्राला पाहून घेतलं. मग मला पाहिलं, जरा जास्त वेळ. मी खाली बघितलं.

"कुणाचा हाय गं?" तिनं विचारलं.

"माझा," अक्का म्हणाली.

"बराय." ती थोडी थांबली. "माझाबी अशीच हाक मारतो."

तिनं दार लावून घेतलं. आतून कडी लागली, तेव्हा कुठं अक्कानं आम्हाला घरात घेतलं.