सिस्टरांची सही

दिल्लीत करोल बागच्या प्रसूतिगृहातल्या सिस्टरांबद्दल लिहायला मी अनेकदा बसलो आणि दरवेळी दुसरंच काहीतरी लिहून उठलो. आता माझी बहीण गेली, सिस्टरही गेल्या. गप्प राहायला कारण उरलं नाही.

सिस्टर नगरकडच्या. औषध असो की कागद, समजावून झालं की त्या म्हणायच्या, "आता तू सांग, मी काय सांगितलं ते." नव्या डॉक्टरांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. एकदा मी बायकोच्या गोळ्या धडाधड म्हणून दाखवल्या, तर म्हणाल्या, "मिनिस्ट्रीत फायलीही अशाच वाचता का? जेवणाआधीची राहिली."

मूल दत्तक द्यायचं असलं की त्या फार कडक व्हायच्या. "ओल्या बाळंतिणीची सही नाही, सव्वा महिना होऊ दे. आणि घेणाऱ्यांच्या माणसाने तिला कागद वाचून दाखवायचा नाही."

त्या वेळी घेणाऱ्यांचा माणूस मीच होतो. फरीदाबादची माझी बहीण अकरा वर्षं मुलासाठी झुरत होती. कॅन्टोन्मेंटमधल्या एका जवानाची विधवा, साताऱ्याकडची, जेमतेम वीस वर्षांची, आपली मुलगी द्यायला तयार झाली. सव्वा महिना आम्ही थांबलो. वकिलाचा इंग्रजी कागद सिस्टर तिला मराठीत सांगणार, तेवढ्यात त्यांना लेबर रूममधून हाक आली.

"मी वाचतो," मी म्हणालो.

"तुम्ही नको."

"रजिस्ट्रारचं ऑफिस बंद होईल, सिस्टर. शब्दन् शब्द वाचतो."

त्या गेल्या. दत्तक एकदा दिलं की परत घेता येत नाही, हे वाक्य मी गाळलं. "ते नीट सांभाळतील," एवढंच म्हणालो. तिने विचारलं, "मला काम लागेपर्यंत ना?" मी पान उलटलं.

सिस्टर परत आल्या. "आता तू सांग, बाई." ती रडायला लागली. मी मध्ये पडलो. "आत्ताच सगळं सांगितलं तिने मला. किती रडवाल?"

सिस्टरांनी तेवढ्या एका वेळी सोडून दिलं आणि साक्षीदार म्हणून सही केली.

चार महिन्यांनी शिवणकेंद्रात काम मिळवून ती मुलीला न्यायला आली. सिस्टर तिला घेऊन थेट माझ्या क्वार्टरवर आल्या.

"कायमचं, असं सांगितलंत तुम्ही हिला?"

खरं बोललो असतो तर तिला कोर्टात जाता आलं असतं, आणि बहिणीचं घर पुन्हा रिकामं झालं असतं.

"सांगितलं. हिच्या लक्षात नसेल."

"साहेब, मी विचारलं होतं की तुम्हाला," ती म्हणाली.

सिस्टर तिचा हात धरून जिना उतरल्या. मुलीला न बघताच ती गावी गेली. त्यानंतर सिस्टरांनी एकाही दत्तकपत्रावर सही केली नाही, असं कानावर आलं.

निवृत्तीनंतर त्या पहाडगंजला भाचीकडे राहायच्या. बऱ्याच वर्षांनी एकदाचा गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये जुळवलं होतं. चहाचा कप माझ्यापुढे ठेवून त्याच आधी बोलल्या, "त्या दिवशी मी तुमच्यावर संशय घेतला. माझंच समजावायचं राहिलं. भेटलात की माफी मागायची, असं मनात होतं."

"असू द्या, सिस्टर," मी म्हणालो, आणि चहा संपवून उठलो.