शुभाताई, भुंगा आणि गोटी

माझी बहीण मेली तेव्हा तिच्या गळ्यातल्या कापडी पिशवीत दोन जीव गाढ झोपलेले होते.

आईने आधी ती पिशवी अलगद काढून घेतली. मग रडली.

आज शुभाताईचा स्मृतिदिन. दरवर्षी गप्प बसते. या वर्षी लिहितेय.

आम्ही जव्हारचे. बाबा सरकारी कचेरीत कारकून. ताई बी.एड. करत होती तेव्हाच तिच्या दोन्ही किडन्या गेल्या.
२००६-०७ची गोष्ट. डायलिसिसला नाशिक गाठावं लागायचं.
सकाळचा लाल डबा, मोखाडा, घाट, त्र्यंबक. संध्याकाळी परत, उलट्या करत.

किडनी द्यायची तर आईला शुगर. बाबांचा ग्रुप जुळेना.
मी अकरावीत. माझं वय बसत नव्हतं.

वॉर्डात शेजारच्या बेडवर एक काका असायचे, नाशिकचेच. त्यांच्या मुलाने मुंबईहून त्यांना शुगर ग्लायडरची जोडी आणून दिली होती.
खारीपेक्षा लहान. काळेभोर टपोरे डोळे. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पातळ पडदा. उडी मारली की तरंगत येतात.

मशीन चालू असेपर्यंत काका त्यांच्याबद्दलच बोलायचे. एकदा ताईला म्हणाले,
"शुभा, हे दहा-बारा वर्षं जगतात. माझ्याकडे तेवढी नाहीत. तू तरुण आहेस, तू सांभाळ."

ताईने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. मला नाही हसू आलं.

काका गेले. त्यांच्या बायकोने नाशिकच्या स्टँडवर येऊन ती जोडी ताईच्या हातात दिली.
भुंगा आणि गोटी. नावं ताईनेच ठेवली.

येताना मोखाड्याला गाडीत चढलेल्या एका आजीने पिशवीत डोकावून पाहिलं. म्हणाली, "असा आमच्या रानात हाय. पण मोठा हाय." आणि मग उतरेपर्यंत ताईच्या शेजारून हलली नाही.

बाबा म्हणाले उंदीर आहेत, घरात नकोत. डॉक्टर तर चिडलेच, तुझ्यासारख्या पेशंटने जनावरं पाळायची नसतात म्हणाले. ताई दोघांचंही ऐकून घ्यायची आणि साबणाने हात धुवायची.

नाशिकला सायबर कॅफेत बसून तिने सगळं वाचून काढलं.
नुसत्या केळ्यावर ठेवलं तर मागचे पाय लुळे पडतात, कॅल्शियम लागतं. थंडी सोसत नाही. दिवसभर झोपतात, दिवेलागणीला उठतात. माणूस ओळखतात ते वासावरून, म्हणून पिशवी अंगाशी ठेवायची.

आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. आई त्यांच्यासाठी अंडी उकडायला लागली. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घेऊन मागच्या गवतात नाकतोडे धरायची. नाकाला पदर लावून.

ताईच्या डाव्या हाताला फिस्टुला होता. डायलिसिससाठी जोडलेली शीर. हात लावला की आत सतत घरघर जाणवायची.
भुंगा तिथेच चिकटून झोपायचा.
ताई म्हणायची, या हाताचा कोणाला तरी उपयोग झाला.

शेवटच्या हिवाळ्यात तिने नाशिकला जायचं बंद केलं. शीर बंद पडली होती. पुन्हा ऑपरेशन नको म्हणाली. आई पाया पडली तिच्या. तरी नाही.

त्या दिवसांत ती मला फक्त या दोघांचं शिकवत बसायची. मला तिच्याशी दुसरं काही बोलायचं होतं. ते राहिलं.

एकदा मात्र तिने माझा हात धरून ठेवला.
"ऐक. यांना एकटं राहता येत नाही. एक गेला तर दुसऱ्याला जोडीत नेऊन सोड. माझी आठवण म्हणून ठेवून घेऊ नका."

ती दुपारी गेली. झोपेत.

पावसाळ्यानंतर भुंगा गेला. कशाने, कळलं नाही. गावातले डॉक्टर गाईम्हशींचे. त्यांनी हातात घेऊन पाहिलं आणि खरं ते सांगितलं, मला यातलं काही समजत नाही.

मी काकूंना फोन लावला. त्यांच्या ओळखीत एका घरी तीन ग्लायडर होते. आणा म्हणाले.
आई नाही म्हणाली.
"एवढीच उरलीय तिची. हीसुद्धा देऊन टाकू?"

बाबांनी समजावलं, मी समजावलं. आई गोटीला दिवसभर पोटाशी घेऊन बसायची. ताईचा जुना ड्रेस फाडून नवी पिशवी शिवली. रोज अंडं, मध, नाकतोडे. काही कमी केलं नाही.

गोटी संध्याकाळी उठायची आणि बारीक भुंकायची. साद घालतात तशी. मग ऐकत बसायची.
काही दिवसांनी तिने स्वतःची शेपटी कुरतडायला सुरुवात केली. मग पायावरचे केस.

रक्त दिसलं तेव्हा आईनेच गोटीला पिशवीत घेतलं. म्हणाली, चल नाशिकला.

मोखाड्याच्या अलीकडे गोटी हलायची थांबली.
आईला लगेच कळलं. मला सांगितलं नाही. मोखाडा स्टँड आल्यावर म्हणाली, "उतरू या. पुढे काही काम नाही."

परतीच्या गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. आईने पिशवी पदराखाली धरली होती. शेजारच्या बाईने विचारलं, बाळ किती महिन्यांचं?

आई म्हणाली, "माझी मुलगी आहे."

ताई गेल्यापासून आई इतकं स्पष्ट काही बोलली नव्हती. आणि नंतरही बोलली नाही. बाबा गेले, मी ठाण्याला आले, आई अजून जव्हारलाच. माझ्याकडे यायला तयार नाही. फोनवर मी विचारते औषधं घेतलीस का, ती विचारते जेवलीस का, एवढंच.

लोक म्हणतात काळ हे औषध आहे. आमच्या घरी लागू पडलं नाही.

ताई, आम्ही तुला वाचवू शकलो नाही. तू दिलेलंही नाही.
तुला माझा नमस्कार.