नव्या गायिकेचा नाजूक आवाज

फर्निचरच्या त्या कारखान्यात एकच खोली अशी होती, जिचं दार दिवसभर बंद असायचं. ती पॉलिशची खोली. बाहेर करवत आणि रंध्याची मशिनं कोकलत असायची, भुसा उडत असायचा. ओल्या पॉलिशवर त्या भुशाचा कण जरी बसला, तरी कपाटाचं अख्खं दार पुन्हा घासायला घ्यावं लागायचं. म्हणून दाराच्या फटीत फडकी कोंबलेली, वर एक छोटा पंखा वास बाहेर ओढतोय, आणि आत एकटा माणूस. हातात कापसाचा बोळा आणि खिडकीच्या कट्ट्यावर मोबाइल. सगळा कारखाना या माणसाला कानसेन म्हणायचा.

नाव चेष्टेनं पडलं होतं, पण खोटं नव्हतं. नवीन गाणं शोधायचं म्हणजे काय असतं, हे त्यालाच विचारावं. एखाद्या गाण्यात मागं कुणी तरी व्हायोलिन छान वाजवलेलं असायचं. मग तो वाजवणारा कोण, त्यानं आणखी कुठं वाजवलंय, तिथं गाणारी बाई कोण, असा माग काढत काढत हा जायचा. दहा टुकार गाणी पचवावी, तेव्हा एक बरं हाती लागायचं. आणि ते लागलं की याला एकट्याला गोड लागायचं नाही. लगेच जेवणाच्या कंपूला पाठवायचं. सोबत एक ओळ, ‘दुसऱ्या कडव्यानंतर नीट ऐका.’

कंपू चौघांचा, याच्याशिवाय. माल पोचवणारा टेम्पोवाला, सोफ्याच्या गाद्या शिवणारा गादीवाला, ऑफिसात बिलं करणाऱ्या ताई, आणि मोठ्या करवतीवरचा मौनी. मौनीला मौनी का म्हणायचे, हे सांगायला नको. डबा उघडताना ‘हं’ आणि बंद करताना ‘हं’, एवढंच त्याचं दिवसभराचं भाषण.

आता या मंडळींचे पराक्रम ऐका. कानसेननं पाच मिनिटांचं गाणं पाठवलं, की अर्ध्या मिनिटात टेम्पोवाल्याचा अंगठा हजर. गादीवाल्याचं ‘वा वा!’ ताईंची तीन लाल बदामं. पाच मिनिटांचं गाणं यांनी अर्ध्या मिनिटात कसं ऐकलं? ऐकणं सोडाच, या तिघांना ते उघडायचेही कष्ट नकोत. मौनी तर अंगठासुद्धा दाखवायचा नाही. कानसेनला अंगठे नकोच होते. त्याला एवढंच हवं होतं, की एकदा, फक्त एकदा कुणी तरी म्हणावं, ‘ते दुसऱ्या कडव्यानंतरचं ऐकलं रे. काय वाजवलंय!’ त्यासाठी तो वर्षानुवर्षं थांबला होता, आणि थांबणाऱ्याची या जगात कोण पर्वा करतं?

कडेलोट केला तो टेम्पोवाल्यानं. एके दुपारी डबा बाजूला सारून मोबाइल नाचवत म्हणाला, “ऐका, ऐका! काय गाणं शोधलंय मी! कानसेन, तुझ्या बापजन्मात ऐकलं नसशील.”

गाणं सुरू झालं आणि कानसेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच गाणं त्यानं मागच्या हिवाळ्यात पाठवलं होतं. टेम्पोवाल्यानं त्यावर अंगठाही दाखवला होता.

“अरे, हे मीच पाठवलं होतं तुला!”

“तू? छे! तुझी ती रडकी असतात.”

“बघ की मागं जाऊन! तुझा अंगठा आहे त्यावर!”

“असेल. पण ऐकायला लावलं ते माझ्या साडूनं,” टेम्पोवाला म्हणाला. गादीवाला हसला, ताई हसल्या. मौनी खाली मान घालून जेवत राहिला.

संध्याकाळी घरी कानसेनच्या अंगाचा नुसता तिळपापड. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अहो, ते ऐकतच नाहीत. हे तुम्हाला आज कळलं?”

“सगळेच?”

“रिकामा डबा पाठवलात, तरी छान जेवलो म्हणतील.”

बायको गमतीनं बोलली, पण याच्या डोक्यात ते बसलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पॉलिशच्या खोलीत, बाहेरची मशिनं जेवणाच्या सुट्टीत बंद असताना, पंखाही बंद केला, श्वास रोखून धरला आणि मोबाइलवर नुसती शांतता रेकॉर्ड केली. तीन-चार मिनिटांची. टाचणी पडली असती, तर तेवढाच काय तो आवाज. सुटीनंतर ती कंपूला पाठवली, आणि खाली लिहिलं, ‘नवी गायिका. फार नाजूक आवाज. शेवट चुकवू नका.’

अंगठा आला. बदामं आली. गादीवाल्यानं तर कमाल केली, ‘किती बारीक आवाज! शेवटी डोळ्यांत पाणी आलं.’ कानसेन संतापानं हसला. उद्या जेवताना एकेकाला मोबाइल कानाला लावायला सांगायचं आणि भर पंगतीत सगळ्यांचा पाणउतारा करायचा, असं त्यानं ठरवून टाकलं. मौनीचं नेहमीसारखं काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारूगोळा भरूनच बसला होता. “काय मग, कशी वाटली नवी गायिका?”

“अप्रतिम!” गादीवाला घास चावत म्हणाला. “हिचं आणखी पाठव.”

पुढचं वाक्य कानसेनच्या जिभेवर होतं, तेवढ्यात त्याला मौनीची जागा रिकामी दिसली. “हा कुठं गेला?”

ताईंनी चमचा खाली ठेवला. “अरे, तुला माहीत नाही? सकाळी शेठकडं आला होता. म्हणाला, करवतीवर उभा राहणार नाही. फळ्या रचायचं काम द्या. कान गेले म्हणाला.”

कानसेन डबा तसाच टाकून मागच्या आवारात धावला. मौनी फळ्यांच्या थप्पीवर बसला होता. बाजूला न उघडलेला डबा.

“कान गेले म्हणजे काय? माझं बोलणं ऐकू येतंय ना तुला?”

“बोलणं येतं,” मौनी म्हणाला, आणि त्या दिवशी तो आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण बोलला. “बारीक आवाज जायला लागलेत, बरेच दिवस झाले. तू गाणी पाठवतोस ना, ती मी रोज घरी गेल्यावर ऐकतो. दोन-दोनदा. कुठलं वाद्य ऐकू येतं, कुठलं नाही, बघतो. आधी सगळं यायचं. मग बासरी निम्मीच यायला लागली. आणि काल ती बाई. एक अक्षर नाही आलं रे. करवतीचं पातं गाठीवर किंवा खिळ्यावर आलं, की आधी बारीक ओरडतं. ते ओरडणं ऐकू आलं नाही, तर माझा हात जाईल. नाहीतर शेजारच्याचा.”

कानसेन त्याच्यापुढं उकिडवा बसला. “अरे वेड्या, त्यात बाई नव्हतीच! मी रिकामी खोली रेकॉर्ड केली होती. या नालायकांना पकडायला.”

मौनी त्याच्याकडं बघून हसला. फार वाईट हसला. “मला धीर द्यायला बोलतोयस.”

“शपथ घेऊ?”

“मग यांनी कसं ऐकलं?” मौनीनं मोबाइल पुढं केला. अंगठा. बदामं. डोळ्यांत पाणी. “तिघांना ऐकू आलं. गादीवाला तर रडला.”

कानसेन आता खरंखुरा संतापला. इतक्या दिवसांचा राग त्यापुढं पोरखेळ होता. न ऐकता वा म्हणायला काय जातं, असं या लोकांना वाटतं ना? इथं एका माणसाची करवत गेली होती! तो तरातरा आत गेला आणि तिघांना जेवणावरून उठवून आवारात घेऊन आला.

“सांगा याला. काल काय ऐकलंत ते.”

गादीवाल्यानं हात पुसले. “छान होतं की...”

“त्यात काही नव्हतं! शांतता होती! आणि तुमच्या डोळ्यांतलं पाणी बघून हा माणूस बहिरा झालो म्हणून करवत सोडून बसलाय!”

तिघांचे चेहरे खाडकन पडले. ताई आधी बोलल्या, “दादा, मी उघडलंच नव्हतं. चुकलं माझं.” गादीवाल्यानं ततपप करत मान हलवली. टेम्पोवाला मात्र शेवटपर्यंत टेम्पोवालाच. “मी लावलं होतं, पण माझं नेट स्लो होतं...”

“तू लावलंस?” कानसेन त्याच्या अंगावरच गेला.

“नाही लावलं,” टेम्पोवाला पुटपुटला.

मौनीनं तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. सुटकेचा निःश्वास सोडण्याऐवजी त्यानं विचारलं, “आधीचीही नाही ऐकली? कुणीच?” तिघांनी माना खाली घातल्या. मग तो कानसेनकडं वळला. “पण बासरी खरी होती ना? मागच्या गाण्यातली? अगदी शेवटपर्यंत होती?”

इथं कानसेनला खोटं बोलता आलं असतं. “होती,” तो म्हणाला.

शेठपुढं त्यानं जे तोंड सोडलं, ते पुढं बरेच दिवस कारखान्यात गाजलं. करवतीवरच्या माणसाच्या कानांसाठी काही द्या, म्हणून कितीदा सांगितलं, तर म्हणे कापूस घालायला सांग. कापूस! कपाटाच्या दारावर कण बसू नये म्हणून फटीत फडकी कोंबता, आणि माणसाच्या कानाला कापूस! शेठनं निमूटपणे मौनीच्या कानांची तपासणी करवून घेतली. डॉक्टरनंही तेच सांगितलं. बारीक आवाज बरेच गेलेत, राहिलेले टिकवायचे असतील तर करवतीपासून लांब राहा. तेव्हा कानसेन म्हणाला, “माझ्या खोलीत द्या त्याला.” करवतीवर आलेल्या नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून कानावर घालायची, आवाज अडवणारी जाडजूड टोपणं मिळाली.

कंपूला गाणी पाठवणं कानसेननं त्याच दिवशी बंद केलं. टेम्पोवाल्यानं एकदा विचारलं, नवीन काही नाही का रे? त्यावर कानसेननं त्याला फक्त अंगठा पाठवला.

पॉलिशच्या खोलीत आता दोन बोळे फिरायचे आणि कट्ट्यावर मोबाइल वाजायचा. कानसेन मन लावून गाणी निवडायचा. भारदस्त आवाजाचे गायक, जाड तारांची वाद्यं. वाजवून झालं की हळूच मौनीकडं बघायचा. मौनी ‘हं’ म्हणायचा. आठवडाभर असं चाललं, आणि मग एका दुपारी मौनीनं बोळा पॉलिशच्या डब्यात आपटला.

“तूही त्यांच्यातलाच.”

“मी? मी काय केलं?”

“इतके दिवस बासरी नाही, सनई नाही, पोरीबाळींचा आवाज नाही. सगळे रेडे गातायत. मला काय ऐकू येईल ते मला न विचारता तूच ठरवलंस?”

कानसेननं हात पुसले, मागचं ते बासरीचं गाणं शोधलं, आणि वरचा पंखा बंद केला. मौनी स्टूल ओढून मोबाइलपाशी वाकला. दुसरं कडवं संपलं आणि बासरी सुरू झाली.

“येतेय का रे?”

“येतेय थोडी,” मौनी म्हणाला. “तू गप्प बस आता.”